खांबाची सावली

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. खाली लिहिलेलं, "आपल्या जळगावात होणार असं भव्य ट्रान्झिट हब, अभिमान असेल तर पुढे पाठवा." फोटोत काचेची मोठ्ठी वाकडी इमारत, वर सोलर पॅनल, खाली एका ओळीत उभ्या पांढऱ्या बस, अन् मधे चालणारी माणसं. आता गंमत अशी की त्या सगळ्या माणसांनी फुल बाह्यांचे कोट घातलेले. मे महिन्यात. जळगावात. मी खाली लिहिणार होते की भो, हे चित्र कुठल्यातरी थंड देशातलं उचललंय, पण तोपर्यंत चौदा जणांनी हात जोडलेले अन् दोघांनी गुलाबाचं फूल टाकलेलं, मग म्हटलं जाऊ दे.

पण फोटो डोक्यातून गेला नाही. कारण दुसऱ्याच दिवशी दुपारी मी अजिंठा चौफुलीवर उभी होते. अडीचची वेळ, पारा ४४ का ४५, हायवेवरून ट्रक गेला की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ अंगावर यायची. तिथं आम्ही सात माणसं गाडीची वाट बघत होतो अन् सातही जण एका विजेच्या खांबाच्या सावलीत उभे होतो. खांबाची सावली केवढी, वीतभर रुंद. म्हणून एकामागे एक, रेशनच्या लाइनीसारखे. पुढे एक म्हातारी, तिच्यामागे पिशव्या घेतलेला माणूस, मग दोन कॉलेजच्या पोरी डोक्याला ओढणी बांधून, मग मी. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. सावली जशी सरकत होती तशी पाचदहा मिनिटांनी आख्खी लाइन अर्धा फूट बाजूला सरकायची. बाहेरगावच्या माणसाला वाटेल हे काय खुळ्यासारखं उभे आहेत, पण खानदेशात उन्हाळा काढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही, आपण सगळेच कधी ना कधी खांबामागे उभे राहिलो आहोत.

तर हब, म्हणजे रेल्वे, एसटी, सिटी बस, रिक्षा सगळं एका जागी जोडणारं ठिकाण. मला हा शब्द आवडत नाही असं नाही, पण तो ऐकला की मला नानांची एक गोष्ट आठवते.

नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव तापीच्या पल्याड, चोपड्याच्या अंगाला. माझे काका सुरतला, उधन्याला असतात, आपल्याकडची निम्मी माणसं उधना-लिंबायतलाच आहेत म्हणा ना, साड्यांच्या कारखान्यात नाहीतर स्वतःच्या धंद्यात. तर तीनेक वर्षांपूर्वी नाना काकांकडून रेल्वेनं परत येत होते. उधना, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगाव. गाडी वेळेवर आली. खरंच वेळेवर, हे मुद्दाम सांगते. संध्याकाळची आमच्या गावची शेवटची मुक्कामी बससुद्धा स्टँडवरून वेळेवर सुटली. पण स्टेशन ते स्टँड हे जे मधलं एवढंसं अंतर आहे, ते नानांचा गुडघा, दोन पिशव्या अन् काकूनं दिलेला लोणच्याचा डबा यांच्यासकट पार करेपर्यंत बस गेलेली होती. रिक्षावाला जास्त सांगत होता म्हणून ते पायी निघाले. आता बघा, नानांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून एसटीत त्यांना तिकीटच नाही. पन्नास किलोमीटर फुकट अन् एक किलोमीटरला रिक्षाचे पैसे. ते तर हसत होते त्याच्यावर. रात्री माझ्याकडे आले, पाय सुजलेले, पाणी प्यायले अन् म्हणाले, "बेटा, गाडी टाइमवर व्हती, मोटरबी टाइमवर व्हती. मंग हाऊ मधला रस्ता कोना शे?"

मी नानांना काहीच उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दोष खरोखर कुणाचाच नव्हता. रेल्वेनं तिचं काम केलं, एसटीनं तिचं. मधला रस्ताच कुणाच्या खात्यात नव्हता. अन् माझं म्हणणं एवढंच आहे की हब म्हणजे त्या मधल्या रस्त्याला कुणीतरी मालक लावणं. बाकी काच, सोलर, वाकडं छप्पर, ते असलं तर असू दे, आपलं काही भांडण नाही.

आता कुणी म्हणेल की बाई, तुम्ही जुन्या लाल डब्यावर जीव टाकणाऱ्यांपैकी दिसता. आहेच मी. मी कॉलेजला होते तेव्हा जळगावचं स्टँड हेच आमचं हब होतं, फक्त तेव्हा त्याला कुणी हब म्हणत नव्हतं. सकाळी गावावरून मुक्कामी गाडी यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात येऊन थांबणारी बस, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर बसमधेच झोपणार, अन् पहाटे तीच गाडी शहराकडे निघणार. त्या गाडीत दुधाच्या कॅन, वांग्याचे-मेथीचे गाठोडे, कोर्टाची तारीख असलेले दोघं-तिघं, दवाखान्याचे पेशंट, अन् डबे. डब्यांचं सांगते. शहरात खोली करून शिकणाऱ्या पोरांसाठी आया गावावरून बसमधे डबा ठेवायच्या. कापडात बांधलेला, वर मार्करनं नाव. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी वेगळ्या बरणीत, हिवाळ्यात भरीत. पोरं सकाळी साडेआठ-नऊला फलाटावर उभी. गाडी लागली की कंडक्टर नाव ओरडायचा. कुणाचा डबा राहिला असेल तर तो कंट्रोलरच्या खिडकीपाशी ठेवून जायचा अन् तो कुणी नेत नव्हतं, म्हणजे चोरत नव्हतं. मी स्वतः दोन वर्षं असा डबा खाल्ला. डबा उघडला की आत आईनं कधी चिठ्ठी टाकलेली असायची, "पैसे शनवारी धाडते."

ही व्यवस्था कुठल्या आर्किटेक्टनं काढलेली नव्हती. कुठल्याच आराखड्यात "डबा घेण्याची जागा" असं लिहिलेलं नसतं. पण माझ्या मते चांगलं स्टँड ओळखायची हीच खूण, की बनवणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं ते लोकांना तिथं करता आलं पाहिजे. सगळं चकाचक, प्रत्येक इंचावर दुकान, उभं राहिलं की सिक्युरिटीवाला "पुढे चला" म्हणणार, अशा ठिकाणी डबा कुठं ठेवणार?

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली हे आपल्याला पाठ असतं. त्यानंतर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच रस्त्यावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक शिवाई धावली. मला ते फार गोड वाटलं होतं, जुन्या घरात नवी सून आणल्यासारखं. मग ऑगस्ट २०२३ मधे केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली. १० हजार बस, १६९ शहरं, एकूण ५७,६१३ कोटींचा अंदाज, त्यातले २० हजार कोटी केंद्राचे. त्या शहरांत आपलं जळगावपण आहे. पाच लाखाच्या आतल्या गावाला ५० पर्यंत बस असा त्या योजनेचा हिशोब, अन् २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, म्हणजे आपण त्या खान्यात. (आता किती असू ते पिंप्राळ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहून मोजावं.)

योजनेचे कागद मी बसून वाचले. नवऱ्याला वाटलं मला नोकरी लागली. त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी समजून घेण्यासारखी आहे, ती म्हणजे बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात. बस भरलेली पळाली काय अन् रिकामी पळाली काय, किलोमीटर झाला की पैसे. केंद्र त्यात मोठ्या १२ मीटरच्या बसला किलोमीटरला २४ रुपये, ९ मीटरवालीला २२, अन् छोट्या ७ मीटरवालीला २० रुपये देणार, दहा वर्षं. हे एका अर्थी बरं आहे, कारण ठेकेदार सीट भरेपर्यंत चौकात गाडी अडकवून ठेवणार नाही, टाइमवर निघेल. पण दुसऱ्या अर्थी सगळा भार शहरावर येतो. रूट कुठून कुठं, थांबा कुठं, पहिली गाडी किती वाजता, हे जर टेबलावर बसून ठरवलं तर छान थंडगार बस रिकामी फिरत राहणार अन् तिचं बिल आपण सगळे भरणार. आपल्याकडे मधे काही वर्षं सिटी बस धावल्या होत्या, आठवतं ना? मग बंद पडल्या. का पडल्या त्याच्यात मी जात नाही, पण माझ्या मुलीला सिटी बस म्हणजे काय हे नाशिकला गेल्यावर कळलं.

अन् वीज. ग्रुपवर एकानं लिहिलं की इलेक्ट्रिक बस म्हणजे झिरो प्रदूषण. अरे बाबा, वीज काय आभाळातून पडते? भुसावळच्या पुढे दीपनगरच्या चिमण्या दिसतात ना, ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत तिथं, कोळशावर. म्हणजे धूर बसच्या मागून निघायचा तो चिमणीतून निघणार. शहरातल्या पोरांच्या नाकापासून लांब गेला हे खरं अन् ते काही कमी नाही, ज्यानं टॉवर चौकात सिग्नलला टू-व्हीलरवर डिझेल गाडीच्या मागे उभं राहून बघितलंय तो हे मान्य करेल. पण झिरो नका म्हणू. तरी आपल्या खानदेशाकडे दुसरा पर्यायपण आहे की. साक्रीकडे गेलात तर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघा, सगळा माळ भरलाय, अन् त्याच तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सरकारी सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे. ऊन आपल्याला नको इतकं दिलंय देवानं. डेपोच्या छपरावर पॅनल टाकलं तर खाली सावलीपण होते, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो अन् पर्यावरणवाले तो सगळ्यात शेवटी सांगतात.

खरी बचत मात्र बॅटरीत नाही, माणसांत आहे. चाळीस माणसं एका बसमधे बसली म्हणजे पंचवीस-तीस मोटारसायकली घरी राहिल्या. त्या घरी राहिल्या तरच. अन् मोटारसायकल सोडून माणूस थांब्यावर कधी येईल? जेव्हा थांब्यावरचे वीस मिनिट त्याला शिक्षा वाटणार नाहीत तेव्हा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीस मिनिटं उघड्यावर उभं राहणं ही गैरसोय नाही, तो दवाखान्याचा रस्ता आहे.

म्हणून ती काच मला खुपते. काचेच्या इमारतीत ऊन आत येतं अन् तिथंच अडकतं, मग एसी लावा, मग एसीला वीज, मग वीज वाचवायला सोलर. फिरून फिरून भोपळे चौकात. आमच्या आजोबांचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्याच्यावर मातीचा जाड थर, पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती टाकायची. बाहेर आग अन् आत दुपारी दीड वाजता गोधडी घ्यावी असं वाटायचं, अतिशयोक्ती नाही, थोडीशी आहे. धाब्याचं बसस्टँड बांधा असं मी म्हणत नाही, पण जाड छप्पर, खोल पडवी, दोन्ही बाजूंनी वारा, पश्चिमेला निंबाची झाडं अन् रांजणाचं पाणी, हे सगळं इथल्याच माणसांना माहीत होतं ना? झाडं लावतानापण गंमत होते, रस्त्याच्या मधे दुभाजकात लावतात. दुभाजकाला सावली. माणूस कडेला उन्हात.

बॅटरीचंपण तसंच आहे. ती उन्हाला वैतागते, अगदी माणसासारखी. फार तापली की लवकर म्हातारी होते, त्यात एसी फुल चालू म्हणजे एका चार्जिंगमधे कमी पळते. त्यामुळे बॅटरी थंड ठेवायची सोय बसमधे वेगळी असते. डेपोत बसला सावली करणार हे नक्की, कारण बस महाग आहे.

परवा रिक्षात बसले तर रिक्षावाल्याकडे विषय काढला. शेअर रिक्षा, मागे आम्ही चौघी, पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. म्हटलं दादा, नव्या बस आल्या तर तुमचं कसं होणार? तो आरशात बघून म्हणाला, "ताई, बस आली त येऊ द्या. ती काय खोटे नगरच्या गल्लीत येणार आहे का? मेन रोडला सोडून देईन ती. तिथून मीच नेईन ना तुम्हाला. फक्त मला तिथं उभं राहू देतील का ते सांगा." हे बरोबर आहे. सगळ्या चर्चेत रिक्षावाला म्हणजे ट्रॅफिकचा प्रॉब्लेम, अन् तो बिचारा सांगून राहिला की मधला रस्ता मीच चालवतो, मला जागा द्या. नानांचा प्रश्न अन् त्याचा प्रश्न एकच की. कालीपिलीवाल्यांचंपण तेच, म्हणजे शेअर जीपवाल्यांचं. आसोद्याला, ममुराबादला, विदगावला बस नाही त्या वेळेला कोण नेतं? कालीपिली. मग नव्या नकाशात त्यांना एक शेड, एक रांग, एक रेट बोर्ड द्यायला काय जातं? नाहीतर होतं काय, स्टँड एकदम सुंदर अन् गेटच्या बाहेर आठ रिक्षा आडव्या.

काकांकडे उधन्याला गेले की मी तिथली बीआरटीएस आवर्जून घेते. २०१४ ला सुरू झाली, पहिला रस्ता उधना दरवाजा ते सचिन. रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी लेन, प्लॅटफॉर्म बसच्या उंचीचा, म्हणजे म्हातारं माणूस पाय न उचलता सरळ आत जातं. माझी काकू, जी जन्मात कुठं एकटी गेली नाही, ती आता बसनं भाजीला जाते, तिला थांब्यांची नावं गुजरातीत पाठ आहेत. आता सुरत स्टेशनपाशी रेल्वे, एसटी, सिटी बस, मेट्रो सगळं एकत्र जोडायचं काम काढलंय. तेवढं आपल्याला झेपणार नाही अन् लागणारपण नाही, इंदूरला बीआरटीएस तोडायची वेळ आली हेही आपण बघतोय. मला फक्त ती प्लॅटफॉर्मची उंची हवी आहे. नानांच्या गुडघ्याच्या उंचीची गोष्ट आहे ती, कोटींची नाही.

कोटींच्या गोष्टी येतच आहेत. मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मधे मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, धुळ्यावरून जाणार, धुळेकरांच्या किती पिढ्या त्याची वाट बघत बसल्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं एवढं मोठं गाव अन् रेल्वेनं जायचं तर आधी चाळीसगाव गाठा. २२ मे २०२५ ला देशातल्या १०३ नव्या केलेल्या स्टेशनांचं उद्घाटन झालं त्यात आपलं धुळे अन् सावदा दोन्ही होतं. सावद्याहून केळीची आख्खी गाडी दिल्लीला जाते, केळीला रावेर-यावलच्या शेतातून थेट दिल्लीपर्यंत जोड आहे. केळीचं कौतुक आहेच, पण माणसाला स्टेशनहून स्टँडला जायचं तर लोणच्याचा डबा सांभाळत पायी. केळी नाशवंत माल आहे म्हणून तिची काळजी घेतात म्हणा. नानापण काही फार टिकाऊ माल नाही.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या गावच्या बायका जळगावला किती येतात बघा. आधी दवाखाना नाहीतर लग्नाचा बस्ता, एवढंच कारण असायचं. आता एक वहिनी नुसती फुले मार्केटला चक्कर मारायला येते. संध्याकाळी परत जायचं म्हणजे स्टँडवर दोन तास. तिला कोपऱ्यातली जागा लागते, स्वच्छ संडास लागतो, अन् दिवे लागतात. हे तिनं मला सांगितलं, मी लिहून घेतलं. संडास पहिल्या नंबरवर सांगितला तिनं, पण लिहिताना मीच दुसऱ्यावर टाकला, का कोण जाणे, लाज वाटली असेल.

तर चौफुलीवर त्या दिवशी शेवटी गाडी आली. लाइन मोडली. पुढची म्हातारी चढताना थांबली, मागे वळून खांबाकडे बघितलं, तिची पाण्याची बाटली खांबापाशी राहिली होती. कॉलेजच्या पोरीनं पळत जाऊन आणून दिली. कंडक्टरनं घंटी मारायला उशीर केला तेवढा.

काल रात्री नानांना फोन केला. ग्रुपवरचा फोटो मी त्यांना आधीच पाठवला होता, भाच्यानं मोबाइलवर दाखवला म्हणे. म्हणाले, "मस्त शे. पन बसाले जागा शे का तठे?"

मी फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या मोबाइलवर फोटो झूम केला. कोटवाली माणसं बाजूला सारत सारत शोधलं. तीन बाकं सापडली, कोपऱ्यात, काचेच्या बाहेर. म्हटलं, नाना, शेतस, तीन शेतस.

"सावलीमा शेतस का?"

मी परत झूम केलं.